कान टोचला जातो तेव्हा

सोनारानेच कान टोचावे अशी म्हण आहे. पण आमच्या घरांतून आगपेटीची काडी व केसांचा आकडा हेही ते काम नकळत करतात. भोपाळच्या मराठी कुटुंबांतील मातांनी म्हणून पुढील गोष्टी ध्यानी धराव्यात.

जखम कोठे आहे हे प्रथम पाहावे. पाळी मऊ, तीत रक्त चांगले खेळते, म्हणून तेथील भोक लवकर बरे होते. वरचा कडक भाग कूर्चेचा. कूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तेथे पू झाल्यास ती झिजते व कानाचा आकार कायमचा बिघडतो. लाली, सूज व ठणका दिसताच डॉक्टर गाठावा.

सर्वांत नाजूक तो आतील पडदा. त्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. तो फाटला की कळ येते, थोडे रक्त येते, ऐकू कमी येते. अशा वेळी कोमट तेल वा लसणीचा रस घालणे म्हणजे रोगास आत वाट करून देणे होय. कान कोरडा ठेवावा, नाक जोराने शिंकरू नये, पोहू नये. लहान छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप बुजते; न बुजल्यास शस्त्रक्रिया करता येते.

चक्कर येत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा काही आत रुतले असेल, तर ते न उपसता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. शहरात १९५५ साली स्थापन झालेल्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले हमीदिया रुग्णालय आहे. धनुर्वाताच्या सुईविषयीही तेथे विचारावे. टोचणे सोनाराकडे सोपवितो, तशी जखम डॉक्टरांकडे सोपवावी.