वार पडली का?

बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसलेल्या बायकांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, 'काय झालं?' आणि दुसरा, 'वार पडली का?' पडली म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात. पूर्वी घरामागे खड्डा करून ती पुरायची, आता दवाखानाच विल्हेवाट लावतो. नऊ महिने तिनं काय केलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, ही अर्धा किलोच्या आसपासची वार म्हणजे एक धगधगती चूलच आहे. आईचं आणि बाळाचं रक्त तिच्यात एकमेकांत मिसळत नाही, तरी प्राणवायू, साखर, लोह तिच्यातूनच पलीकडे जातं. प्राणवायू आपोआप जातो, पण प्रथिनांचे घटक तिला ओढून न्यावे लागतात. या हमालीला लागणारी ऊर्जा तयार करतात पेशींमधल्या तंतुकणिका (मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा शब्द सापडेल). गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बनायची सुरुवातही त्यांच्यातच होते. म्हणून गर्भाशयाकडे येणाऱ्या प्राणवायूतला मोठा वाटा वार स्वतःच खर्च करते. आपण बायका सगळ्यांना वाढून मग उरलंसुरलं खातो. वार तसं करत नाही, आणि तिचंच बरोबर आहे!

या कणिकांचं काम लोहावाचून अडतं. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या ५२ गर्भवतींच्या अंगात रक्त कमी निघालं.

आपल्या पुणे जिल्ह्यातच याचा मोठा अभ्यास झालाय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या बायकांची पाहणी केली. शेतात राबणाऱ्या या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास, बाळांचं २.७ किलो. त्यांनी सोनोग्राफीनं वारही मोजली. २००० साली निष्कर्ष छापून आला. दिवस जाण्याआधी जिचं वजन कमी, तिची वार लहान, आणि वार लहान तर बाळही लहान. पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खाणाऱ्यांची बाळं मात्र अंगानं बरी, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

'दिवस जाण्याआधी' हे शब्द मला फार लागले. आपण सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा थाट करतो. वार तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच आकाराला आलेली असते.

बेगडेवाडीच्या बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं, तर एक आजी म्हणाल्या, "जास्त खाल्लं की मूल मोठं होतंय, मग सिझर करत्यात. म्हणून मी सुनंला बेतानंच वाढते." सून शेजारीच बसलेली. पाचवा महिना, अंगावर मांस नाही. मी म्हटलं, "आजी, चुलीत लाकूडच घातलं नाही तर भाकरी कशी भाजायची?" आजी गप्प. पण सुनेनं पहिल्यांदा मान वर केली.

मग विषय नातीवर आला. ती नववीत. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीचं विचारलं, तर म्हणाली, "मळमळतं, म्हणून मी खिडकीतून टाकते." तिला सांगितलं, रिकाम्या पोटी नाही, जेवल्यावर घ्यायची, आणि वर लगेच चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. हवं तर लिंबू पिळलेलं पाणी पी.

"आमच्या वेळंला कुठं होत्या गोळ्या?" आजी पुटपुटल्या. मग नातीला म्हणाल्या, "सोमवारी घरी घेऊन ये. माझ्यासमोर खायची."