पंपिंग साठ टक्के, तरीही धाप

टू-डी एको झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘डॉक्टर, पंपिंग किती?’ साठ टक्के हे उत्तर ऐकलं की सगळे निर्धास्त. पण तिशीतल्या स्थूल माणसाच्या हृदयात बिघाडाची सुरुवात बहुधा त्या आकड्याबाहेरच झालेली असते.

वजन वाढलं की शरीरात रक्ताचं आकारमानही वाढतं. ते फिरवायचं काम हृदयाचं. जोडीला रक्तदाब चढला, की डाव्या खालच्या कप्प्याची भिंत हळूहळू जाड आणि ताठर होते. असा कप्पा आकुंचन पावतो झकास, म्हणून पंपिंगचा आकडा चांगला येतो. अडतं ते दोन ठोक्यांमध्ये. सैल पडून रक्त भरून घेणं त्याला जमत नाही, मागे फुप्फुसांकडे दाब वाढतो आणि दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत धाप लागते. ‘व्यायाम नाही ना, म्हणून,’ असं म्हणून विषय तिथेच संपतो!

स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या तपासणीत अठराव्या वर्षाच्या आसपास मुलांची उंची-वजनं नोंदली जात. १९६८ ते २००५ या काळातल्या सोळा लाखांहून अधिक तरुणांच्या या नोंदी संशोधकांनी पुढच्या आयुष्यातल्या रुग्णालयीन नोंदींशी ताडून पाहिल्या. बीएमआय १८.५ ते २० असलेल्यांच्या तुलनेत ३५च्या वर असलेल्यांना हार्ट फेल्युअरचा धोका सुमारे नऊपट होता. निदानाचं सरासरी वय अवघं सत्तेचाळीस. खरा धक्का पुढेच आहे: तक्त्यात ‘उत्तम’ समजल्या जाणाऱ्या २० ते २२.५ या गटातही धोका थोडा चढलेलाच होता. अभ्यास फक्त पुरुषांचा होता, हे खरं. पण आकडे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

भारतीयांचं दुखणं आणखी वेगळं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! म्हणूनच आपल्याकडे २३पासून अतिवजन आणि २५पासून स्थूलता धरतात.

दिलासा एवढाच, की वजन उतरलं तर जाडावलेली भिंत बऱ्याच अंशी पूर्ववत होऊ शकते. तेव्हा शिंप्याची टेप काढा आणि कंबर मोजा. पँटच्या नंबरावर जाऊ नका, ती पोटाखाली बांधलेली असते. पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ८०.