जोडसुट्टीचा पाहुणा आणि धरणाकाठची द्राक्षं

शेतकरी बंधूंनो आणि सरपंच मंडळी, भिंतीवरचं कॅलेंडर जरा उघडून बघा. तांबड्या तारखेला लागून शनिवार-रविवार आला की शहरातला नोकरदार खूश होतो. तीन-चार दिवस एकदम मोकळे मिळतात. त्याला तिकडे ‘लाँग वीकेंड’ म्हणतात, आपण जोडसुट्टी म्हणू. त्या दिवशी पहाटेच मुंबई-पुण्याकडच्या गाड्यांची तोंडं नाशिककडे वळतात. गोदावरीवर स्नान, त्र्यंबकेश्वरचं दर्शन हे तर पूर्वापार आहेच. पण अलीकडच्या पंचवीस वर्षांत या पाहुण्यांची एक वेगळी वाट पडली आहे. ती जाते गंगापूर धरणाकडे, गोवर्धन, सावरगाव, गंगाव्हरे या गावांच्या शिवारातून, द्राक्षाच्या मांडवांना लागून.

हा पाहुणा तुमच्या बांधावरून जातो. त्याचा पैसा मात्र तुमच्या बांधावर थांबतो का, हा आजचा प्रश्न आहे.

धरण, बाग आणि वायनरी

गंगापूर धरण हे मातीचं धरण. १९६५ साली ते पुरं झालं. नाशिक शहराची तहान त्यावर भागते आणि खालच्या शेतीलाही पाणी मिळतं. शहरापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पाण्याचा मोठा फुगवटा, मागे डोंगर आणि हिवाळ्यात अंगात शिरणारी थंडी. द्राक्षाला हे सगळं मानवतं, आणि हवापालट करायला निघालेल्या माणसालाही.

या शिवारात वाईनचं द्राक्ष रुजलं ते १९९७ च्या सुमारास. राजीव सामंत हा अमेरिकेत शिकून नोकरी केलेला तरुण परत आला. वडिलोपार्जित जमिनीत त्याने आधी आंबा, खायची द्राक्षं असे प्रयोग केले. मग फ्रेंच जातीच्या वाईन द्राक्षाची लागवड केली. २००० साली ‘सुला’ची पहिली बाटली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, करात सवलत दिली. निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क आखले गेले. त्यानंतर धरणाच्या आजूबाजूला, दिंडोरीकडे, इगतपुरीकडे वायनरी उभ्या राहिल्या.

२००५ मध्ये सुलाने पाहुण्यांसाठी चव घेण्याचं दालन उघडलं, २००८ पासून गाण्याबजावण्याचा महोत्सव सुरू केला. तिथून चित्र पालटलं. वाईन विकायला दुकानात जायचं, हे उलटं झालं. गिऱ्हाईकच बागेत येऊ लागलं. आज धरणाच्या काठावर पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट आहे, बोट क्लब आहे, खासगी हॉटेलं आहेत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबईकराची वाट आणखी सोपी झाली.

पाहुणा तिथे बघतो काय?

वाईनची आवड-नावड ज्याची त्याची. पण आपल्या मालाचं पुढे काय होतं, हे शेतकऱ्याला ठाऊक असावं. वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये, भल्या पहाटे गारव्यात तोडतात. क्रेटमधून आली की यंत्रात देठ वेगळे होतात आणि मणी फुटतात. पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच पिळून घेतात. तांबडीसाठी रस सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो. स्टीलच्या टाक्या गार ठेवलेल्या असतात. त्यात यीस्ट साखरेचं मद्यार्कात रूपांतर करतं. काही वाईन पुढे ओकच्या लाकडी पिंपात मुरवतात. एका बाटलीला साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात.

किलो-सव्वा किलो! हा आकडा ध्यानात ठेवा. वायनरीत येणारा माणूस बाटलीचे पैसे देतो ते नुसत्या द्राक्षाचे नाहीत. ती जागा, तो संध्याकाळचा गार वारा, ती बाग दाखवणाऱ्याचं बोलणं, या साऱ्याचे ते पैसे आहेत. वारा आणि बाग तुमच्याकडेही आहे. बोलणं तर आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसऱ्या देशातल्या शेतकऱ्यांनी काय केलं?

तळ्याकाठी द्राक्षं आणि सुट्टीला शहरचा पाहुणा, हे गणित इतरांनी आपल्याआधी सोडवलं आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात हाताच्या बोटांसारखी लांबट, अरुंद तळी आहेत. त्यांना ‘फिंगर लेक्स’च म्हणतात. तिथला हिवाळा कडाक्याचा. पण तळी इतकी खोल, की उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतात आणि उतारावरच्या वेली वाचतात.

तिथले शेतकरी मोठ्या वाईन कंपन्यांना माल घालायचे. १९७० च्या दशकात कंपन्यांनी खरेदी कमी केली आणि बागायतदार अडचणीत आले. आपल्याला ही गोष्ट अनोळखी नाही. तेव्हा १९७६ मध्ये त्या राज्याने कायदा केला. शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षाची ठरावीक प्रमाणात वाईन करावी आणि बागेत आलेल्या गिऱ्हाइकाला थेट विकावी, अशी मुभा दिली. घरोघरच्या छोट्या वायनरी उभ्या राहिल्या. १९८३ मध्ये कायुगा तळ्याभोवतीच्या वायनरीवाल्यांनी एकत्र येऊन एक रस्ता, एक नकाशा ठरवला. पाहुणा एकाकडे आला की पुढच्याकडे जायचा. भाऊबंदकी बाजूला ठेवली म्हणून सगळ्यांचं भागलं.

आपला कायदा वेगळा आहे. घरी वाईन करून विकणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. तेव्हा कोणी भलत्या नादाला लागू नये. घ्यायचं ते एवढंच, की दारात आलेल्या गिऱ्हाइकाला थेट माल विकला तर मधला दलाल गळतो आणि भाव आपल्या हातात राहतो.

वाईनचं द्राक्ष लावावं का?

हे सगळं वाचून कोणी उद्याच थॉमसन काढून वाईनची जात लावायला निघेल, तर जरा थांबा. वाईनच्या द्राक्षाला खर्च कमी, हे खरं. विरळणी, डिपिंग, मणी फुगवणं ही मजुरीची कामं फारशी नाहीत. पण उत्पादन कमी, आणि मुख्य म्हणजे हा माल खायच्या बाजारात चालत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बी. वायनरीने घेतला तर पैसे, नाहीतर जागेवर सडला.

२००८ ते २०१० ची आठवण ठेवा. मुंबईवर नोव्हेंबर २००८ मध्ये हल्ला झाला, जगभर मंदी आली, हॉटेलं ओस पडली, वाईनचा खप घसरला. वायनऱ्यांनी माल उचलला नाही. करार असूनही कितीतरी बागायतदारांचे घड वेलीवर राहिले आणि पुढे बागांवर कुऱ्हाड चालली. त्यात नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाने खायच्या द्राक्षालाही झोडपलं. म्हणून लेखी करार, त्यात भाव, गोडीची अट, माल उचलायची मुदत आणि पैसे देण्याची तारीख हे सगळं असल्याशिवाय काडी लावू नका. करार जाणकाराकडून वाचून घ्या.

पाहुण्याचा पैसा मिळवायला वाईनचं द्राक्ष लागतच नाही. तुमची सोनाका, शरद, थॉमसन त्याला पुरेशी आहे.

कोरडा दिवस, आपला दिवस

एक गंमत बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा शनिवार-रविवारला जोडून आल्या की रस्ता गाड्यांनी फुलतो. पण हे तिन्ही दिवस राज्यात दारूविक्रीला बंदीचे, म्हणजे कोरडे दिवस. वायनरीच्या दारात आलेल्या पाहुण्याला त्या दिवशी बाटली मिळत नाही. कुटुंब बरोबर, पोरं भुकेली, हातात अख्खा दिवस. तो दिवस शेतकऱ्याचा आहे.

२६ जानेवारीला द्राक्षाचा हंगाम असतो. बांधावर ताजी द्राक्षं, रस, दोन किलोच्या पेट्या ठेवा. पोरांना घड हाताने तोडू द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या. मात्र फवारणी आणि काढणी यांच्यातला ठरलेला काळ पुरा न झालेल्या प्लॉटमध्ये पाहुण्याला पाऊल टाकू देऊ नका. निर्यातवाले हे जाणतातच, इतरांनीही पाळावं.

१५ ऑगस्टला वेलीवर फळ नसतं. पण डोंगर हिरवे, धरण भरत आलेलं. तेव्हा भाजलेलं कणीस, उकडलेल्या शेंगा, नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. बचत गटाच्या ताईंना याहून चांगला बाजार कुठला? जोडीला मागच्या हंगामातला बेदाणा, छोट्या पाकिटात, वजन आणि भाव लिहून.

२ ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणीची धांदल असते. शहरातल्या माणसाने छाटणी कधी पाहिलेली नसते. कात्री हातात घेऊन एक काडी छाटून दाखवा, डोळा कुठे फुटणार ते सांगा. तो फोटो काढतो, चार जणांना सांगतो आणि फेब्रुवारीत पेटी न्यायला परत येतो.

राहायची सोय करायची असेल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. पण आधी खोल्या बांधायला कर्ज काढू नका. स्वच्छ संडास, प्यायचं पाणी, सावली आणि ठळक अक्षरांत भावफलक, एवढ्यावर सुरुवात करा. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्न प्रशासनाची नोंदणी करून घ्या. आणि भाव एकच ठेवा. गाडी बघून भाव सांगितला की पाहुणा एकदाच येतो.

घाण कोणी उचलायची?

आता सरपंच आणि भाऊसाहेबांसाठी. जोडसुट्टी संपली की सोमवारी धरणाच्या काठावर काय उरतं, हे तुम्ही रोज जाता-येता बघता. फुटक्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या पत्रावळ्या, चिप्सची पाकिटं. काच बैलाच्या खुरात जाते, गुरं प्लॅस्टिक खातात आणि उरलेलं पावसाबरोबर धरणात. तेच पाणी नाशिक शहर पितं. रस्त्यात गाडी आडवी लावल्याने द्राक्षाचा ट्रॅक्टर अडतो तो वेगळाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोहता न येणारी पोरं फुगवट्याच्या पाण्यात उतरतात. पृष्ठभाग शांत दिसतो, खाली गाळ आणि एकदम खोली. गावचे पोहणारे गडी मग मृतदेह शोधत बसतात.

यावर उपाय पंचायतीच्या आवाक्यातले आहेत. काठावर आणि वळणावर धोक्याचे ठळक फलक. सुट्टीच्या दिवसांत गावातली दोन-चार चांगली पोहणारी पोरं, दोर आणि ट्यूब घेऊन, रोजंदारीवर. रस्त्यापासून आत गाड्या लावायला जागा. काचेसाठी वेगळा पिंप आणि ती काच भंगारात घालण्याची व्यवस्था. पैसे कुठून आणायचे, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये इमारतींवरच्या करापासून जत्रा, उत्सव, करमणुकीवरच्या करापर्यंतची तरतूद आहे. हद्दीतल्या हॉटेलांची, रिसॉर्टची आकारणी वेळच्या वेळी झाली आहे का, हे आधी नमुना आठ उघडून तपासा. गटविकास अधिकाऱ्यांशी बोलून काय बसतं ते ठरवा. हॉटेलवाल्यांनाही बैठकीला बोलवा. त्यांचा धंदा स्वच्छ काठावरच चालतो.

जमीन एकदाच विकली जाते

शेवटची गोष्ट जिव्हाळ्याची आहे. धरणाकाठच्या जमिनीचे भाव चढले की दलाल दारात येतो. हप्ते थकलेले असतात, अवकाळीने बाग गेलेली असते, व्यापारी पैसे बुडवून पळालेला असतो. अशा वेळी सही करायला हात पटकन पुढे होतो. धरणाला एकदा जमिनी गेल्या आहेत. आता उरलेली गेली, तर ज्या बागेवरून आज गाड्या जातात तिथेच उद्या आपल्या पोराला दरवानाची नोकरी मागावी लागेल. विकायच्या आधी भाड्याने देता येते का, भागीत काही करता येते का, हे चार माणसांत बसून बघा.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. याच दिवशी गावोगावी ग्रामसभा भरवण्याची रीत आहे, आणि यांतल्या बहुतेक तारखांना रस्त्यावर पाहुणाही असतो. येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या. कोणी काय विकायचं, गाड्या कुठे लावायच्या, काच कोणी उचलायची आणि काठावर कोणी उभं राहायचं, एवढं चार ओळींत ठरवा आणि ठरावाची नक्कल पंचायतीच्या फळ्यावर लावा.