चला, दिवे लावूया!

हेडलाइट फुटला, पिवळा पडला किंवा आत पाणी शिरलं, की आपण थेट गॅरेज गाठतो. पण दोन-चार पाने आणि एक मोकळी सकाळ हाताशी असेल, तर हे काम वाड्याच्या अंगणातही होतं. फक्त दिवा बसवला म्हणजे काम संपलं, असं समजायचं नाही.

शनिवार पेठेत गाडी चालवताना जेवढी घासत नाही, तेवढी उभी असताना घासते. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला, असा पी-१, पी-२ चा खेळ रोजचाच. रमणबागेची शाळा सुटली की रिक्षा आणि व्हॅनची गर्दी. त्यातून कुणाचा तरी टेम्पो रिव्हर्स येतो, कुणाच्या तरी दुचाकीचं हँडल वळताना लागतं. आणि गाडीचा सगळ्यात पुढे आलेला, नाजूक कोपरा कुठला? हेडलाइटचा! ज्यांना गल्लीत जागा मिळत नाही, ते गाडी नदीपात्रात लावतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला, की तिथे राहिलेल्या गाड्यांच्या दिव्यांत पाणी भरतं.

अशी गाडी बहुतेक वेळा आपलीच असते. म्हणजे बाबांनी नवी घेतल्यावर आपल्या वाट्याला आलेली हॅचबॅक, नाहीतर चौघांनी वर्गणी काढून घेतलेली सेकंडहँड. तिच्या दुरुस्तीसाठी घरून पैसे मागायचे, तर आधी प्रवचन ऐकावं लागतं. त्यापेक्षा पाना हातात घेतलेला बरा. काम अवघड नाही, पण त्याचा क्रम पाळावा लागतो.

आधी दुखणं ओळखा

दिवा लागत नाही म्हणजे अख्खा हेडलाइट गेला, असं नाही. आधी फ्यूज पाहा, मग बल्ब. एका बाजूचा फक्त डिपर गेलाय आणि अपर लागतोय, तर बहुतेक बल्बमधली एक फिलामेंट तुटलेली असते. बऱ्याच हॅचबॅकमध्ये येणाऱ्या एच-४ बल्बमध्ये अपरची आणि डिपरची अशा दोन वेगळ्या फिलामेंट असतात. अशा वेळी नुसता बल्ब बदला, विषय संपला.

काच पिवळी पडली असेल, तरी लगेच नवा दिवा घेऊ नका. मुळात ती काच नसतेच. पॉलिकार्बोनेट नावाचं कडक प्लास्टिक असतं. कंपनीने त्यावर दिलेला संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो आणि मग प्लास्टिक पिवळं पडतं. १०००, १५००, २००० अशा चढत्या नंबरचे पॉलिश पेपर पाणी लावून घासायचे, मग कंपाउंड पॉलिश फिरवायचं आणि शेवटी यूव्ही कोटिंग द्यायचं. टूथपेस्टचा जुगाड केला तर गाडी दोन दिवस चमकते. पण संरक्षक थर परत दिला नाही, तर पिवळेपणाही परत येतो.

मग अख्खी असेंब्ली कधी बदलायची? काचेला तडा गेला असेल, दिवा ज्या कानांवर बोल्टने बसतो ते तुटले असतील, आतला रिफ्लेक्टर काळवंडला असेल किंवा आत पाण्याचं तळं साचलं असेल तेव्हा. पावसात काचेवर आतून हलकं धुकं धरलं आणि थोड्या वेळाने गेलं, तर घाबरू नका. दिव्याला श्वास घ्यायला बारीक छिद्रं असतात, त्यामुळे असं होतं. पाणी हलताना दिसलं, तर मात्र दिवा गेला.

नाना पेठेत जाताना

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात सोपं होतं. गोल दिवा मागायचा, गोल दिवा मिळायचा. आता प्रत्येक मॉडेलचा दिवा त्याच्या बॉनेटच्या वळणाप्रमाणे वेगळा. एकाच गाडीच्या आधीच्या आणि नंतरच्या व्हर्जनचेही दिवे एकमेकांना लागत नाहीत. म्हणून नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात जाताना गाडीचं आरसी बुक, चासी नंबर आणि जुन्या दिव्याचे मागून-पुढून काढलेले फोटो सोबत ठेवा.

काउंटरवर तीन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, बाजू. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायची, गाडीसमोर उभं राहून नाही. दुकानात ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ म्हणालात की गोंधळच होत नाही. दुसरी, दिवा कंपनीचा हवा की बाहेरच्या बनावटीचा. दोन्हींचा भाव विचारा आणि दोन्ही हातात घेऊन पाहा. स्वस्त दिव्याचे कान पातळ असतील किंवा मागचं रबर सैल बसत असेल, तर ते तिथेच कळतं. तिसरी, दिवा उंच-खाली करणारी मोटर तुमच्या गाडीत आहे का. असेल, तर नव्या दिव्यातही तिची जागा हवी.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासायची. आपल्याकडे रहदारी डावीकडून चालते. त्यामुळे डिपरचा उजेड डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या कडेला, जरा वर चढतो आणि उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, खाली राहतो. उजवीकडून रहदारी असलेल्या देशासाठी बनवलेल्या दिव्यात हे बरोबर उलटं असतं. असा दिवा गाडीत चपखल बसेल, छान दिसेलही, पण समोरच्याच्या थेट डोळ्यांत उजेड मारेल. दिव्याच्या काचेवर खुणा कोरलेल्या असतात. आपण दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर आपल्या उजवीकडे टोक असलेला बाण दिसला, तर तो डावीकडच्या रहदारीचा दिवा.

क्लेम करावा का?

‘इन्शुरन्स आहे ना, टाक क्लेम!’ हा सल्ला कट्ट्यावर हमखास मिळतो. क्लेम टाकण्याआधी कागदावर हिशेब करा. नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. वर ठरावीक रक्कम आपल्या खिशातून भरावी लागते. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एका दिव्यासाठी तो घालवणं बऱ्याचदा परवडत नाही. झीरो डेप पॉलिसी असेल किंवा बंपर, बॉनेट असं बरंच काही गेलं असेल, तर गणित वेगळं.

आता पाना उचला

हाताशी एवढं ठेवा: दहा नंबरचा पाना, टी-पाना, फुली आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, मास्किंग टेप, मेझरिंग टेप, स्वच्छ फडकं आणि आईने काढून टाकलेला मिसळणाचा डबा. त्याच्या एकेका वाटीत एकेका जागेचे स्क्रू ठेवायचे. नंतर ‘हा कुठला उरला?’ असा प्रश्न पडत नाही.

१. काहीही खोलण्याआधी गाडी सपाट जागी, भिंतीपासून बरोबर पाच मीटरवर, भिंतीला काटकोनात उभी करा. डिपर लावा आणि भिंतीवर उजेडाची वरची कड जिथे पडते, तिथे टेप चिकटवा. दुसऱ्या, धडधाकट दिव्याचीही खूण करा. शेवटी ती उपयोगी पडते.

२. दिवे बंद करा, किल्ली काढा, बल्ब गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. घड्याळ आणि स्टिरिओचं सेटिंग पुसलं जाईल, तेवढं चालवून घ्या.

३. फोटो काढा. प्रत्येक कपलर कुठे होता, हे नंतर मित्राला नाही, फोनला विचारायचं.

४. काही गाड्यांत दिव्याचे सगळे बोल्ट बॉनेट उघडल्यावर समोर दिसतात. अनेक गाड्यांत मात्र एक बोल्ट बंपरच्या आड असतो. मग चाकाच्या खोबणीतले स्क्रू आणि वरच्या क्लिपा काढून बंपर पुढे ओढावा लागतो. इथे दोघे हवेतच. आणि बंपरमध्ये फॉग लॅम्प असेल, तर झटका देऊ नका. त्याची वायर आधी काढा. फेंडर आणि बंपरच्या कडांना मास्किंग टेप लावा, रंग वाचेल.

५. कपलर काढताना वायर ओढायची नाही, खटका दाबून प्लास्टिक धरून ओढायचं. इंडिकेटर आणि पार्किंगच्या बल्बचे होल्डर साधारण पाव वळसा फिरवले की सुटतात.

६. नवा दिवा बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावा. बॉनेट आणि फेंडरशी फट सारखी आली, की मगच आवळा. कान प्लास्टिकचे असतात. जोर दाखवलात, तर दुकानाची दुसरी फेरी.

७. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा राहिला, की तेवढाच भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच, तर स्पिरिटने पुसून घ्या. मागचं रबर सगळीकडून नीट बसलंय ना, हे बोटाने चाचपून पाहा. पाणी शिरतं ते तिथूनच.

८. बंपर लावायच्या आधी बॅटरी जोडून डिपर, अपर, इंडिकेटर, पार्किंग सगळं तपासा.

भिंतीवरचं गणित

बहुतेक जण इथे हात झटकतात. दिवा लागला, फोटो स्टोरीला गेला, काम झालं! पण नवा दिवा डब्यातून योग्य कोनात लावून येतोच, असं नाही. दिवा मागून पाहिलात तर दोन स्क्रू दिसतील. एक उजेड वर-खाली करतो, दुसरा डावी-उजवीकडे. आता पुन्हा त्या पाच मीटरवरच्या भिंतीकडे चला.

टायरमध्ये हवा बरोबर भरा. डिकीतलं सामान काढा. ड्रायव्हरच्या सीटवर एकाला बसवा. डॅशबोर्डवर लेव्हलरचं बटण असेल, तर ते शून्यावर ठेवा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीवर भिंतीवर रेघ मारा. डिपरची कड या रेघेच्या खाली हवी. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दिव्यावर हा उतार छापलेला असतो, साधारण एक टक्का किंवा थोडा जास्त. एक टक्का म्हणजे प्रत्येक मीटरमागे एक सेंटिमीटर, पाच मीटरवर पाच सेंटिमीटर. स्क्रू अर्धा-अर्धा वळसा फिरवा, दुसऱ्या दिव्याच्या खुणेशी ताडून पाहा.

एवढं काटेकोर कशाला? हिशेबच करा. दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल, तर एक टक्का उताराने त्याची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता तोच दिवा चुकून एक टक्का वर बसला असं धरा. ५० मीटरवर उजेडाची कड ११५ सेंटिमीटर उंचीवर पोचते. साधारण याच उंचीवर समोरच्या कारमधल्या ड्रायव्हरचे डोळे असतात. दोन्हींत फरक किती? कोनाच्या भाषेत एका अंशापेक्षा थोडा जास्त. तुमच्या गाडीत बसून तो कळणारही नाही. उलट ‘काय लांब उजेड पडतोय, भारी!’ असंच वाटेल.

पेठेत मोकळी, सपाट जागा मिळणं मुश्कील, हे मान्य. पण पहाटे वाड्याचं अंगण किंवा रविवारी रिकामी असलेली सोसायटीची पार्किंग शोधली तर सापडते. आणि भिंत कुणाची आहे, हे विचारून घ्या. पेठेत पाटी लागायला वेळ लागत नाही!

हे मात्र नको

दिवा बदलतोच आहोत, तर १००/९० वॅटचा बल्ब टाकू, असं मनात येतं. एच-४ चा मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा. ५५ च्या जागी ९० वॅट घातले, की वायरमधला करंट १.६ पटींहून वाढतो आणि वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे अडीच पटींहून जास्त. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकायचा मोहही टाळा. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी ठरवलेला असतो. प्रकाशाचा उगम सरकला, की उजेड वाटेल तिकडे फुटतो. शिवाय परवानगी नसलेला बदल गाडीत केला, तर २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. होता तसाच दिवा बसवला, तर हा प्रश्न येत नाही.

गाडीला कंपनीचे एलईडी किंवा एचआयडी दिवे असतील, तर मात्र स्वतः हात घालू नका. एचआयडी सुरू होताना हजारो व्होल्ट तयार होतात आणि काही एलईडी दिव्यांना बसवल्यावर सॉफ्टवेअरची जोडणी लागते. ते काम गॅरेजचंच. गाडी वॉरंटीत असेल, तरीही तेच.

वेताळ टेकडीवर फिरायला जाताना एआरएआयची आवारं दिसतात. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत गाड्यांच्या दिव्यांचीही चाचणी होते. उजेड कुठे किती पडावा आणि कुठे पडू नये, हे तिथे मोजून पाहिलं जातं. आपण भिंतीसमोर मेझरिंग टेप घेऊन उभे राहतो, तेव्हा त्याच कामाचा शेवटचा भाग घरी करत असतो.

सगळं झालं, की संध्याकाळी अंधार पडल्यावर एक शेवटची परीक्षा घ्या. मित्राला त्याची दुचाकी घेऊन पन्नास पावलांवर समोर उभं करा. डिपर लावा आणि फोन करून विचारा, ‘डोळ्यांवर येतोय का रे?’ तो ‘हो’ म्हणाला, तर स्क्रूड्रायव्हर अजून आत ठेवू नका.