टाइल संपते तिथली भिंत

बाथरूमच्या भिंतीला सात फुटांपर्यंत टाइल आणि त्यावर छतापर्यंत गिलावा, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. तिच्यामागचा विचार मात्र फार जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ओलीच्या जागांबद्दल सांगतो, की जमिनीपासून सुमारे तीन फूट गिलाव्यात वाळूऐवजी कुटलेल्या खापरांचा चुरा घालावा. आपल्याकडे चुन्यात सुरखी मिसळत ती याच कारणाने. भाजलेल्या मातीची पूड चुन्याशी एकजीव झाली, की तो थर ओलीतही टिकतो. एकाच भिंतीच्या खालच्या आणि वरच्या भागाचं काम वेगळं, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. आज बहुतेक ठिकाणी एकाच घमेल्यातला माल वरपासून खालपर्यंत एकाच हाताने फिरवला जातो. पुढच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मला तिथे दिसतं.

टाइलला भिंत खडबडीत हवी, रंगाला गुळगुळीत. म्हणून डॅडोची, म्हणजे भिंतीवरच्या टाइलच्या पट्ट्याची, वरची रेघ गिलाव्याआधीच भिंतीवर मारून घ्यावी. जुना पोकळ गिलावा ठोकून पाहून विटेपर्यंत काढावा, काँक्रीटच्या कॉलमला टाचे मारावेत, वीट आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी ठोकावी. नळाच्या पाइपांची दाबाखाली चाचणी झाल्याशिवाय खाचा बुजवू नयेत. रेघेखालचा गिलावा ओळंब्यात सरळ करून खरबरीतच सोडायचा. तिथे नीरू नको, पुट्टीही नको.

आणि जिप्सम तर मुळीच नको. घरातल्या इतर खोल्यांना जिप्समचा गिलावा शोभतो, पण पाण्यात ते थोडं का होईना विरघळतं, लिटरमागे सुमारे 2 ग्रॅम. त्यावर सिमेंटने टाइल लावली आणि ओल शिरली, की जिप्सममधलं सल्फेट सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनेटशी संयोग पावतं आणि एट्रिंगाइटचे स्फटिक तयार होतात. ते फुगत जाऊन टाइलला मागून ढकलतात. वजनाचंही गणित आहे. बीएस 5385 हे ब्रिटिश मानक जिप्समच्या गिलाव्यावर चौरस मीटरला 20 किलोपेक्षा जास्त भार घेऊ देत नाही. 9 मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड टाइल एकटीच तेवढी भरते, चिकटवणाऱ्या मालाचं वजन वेगळं.

सिमेंटची स्लरी लावून टाइल ठोकण्याची सवयही आता तपासायला हवी. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल सहसा 10 टक्क्यांहून जास्त पाणी शोषते, त्यामुळे स्लरी तिच्या पाठीत शिरून धरते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही शोषत नाही. तिथे धरायला जागाच नसते. तिला आयएस 15477 प्रमाणे बनवलेलं अ‍ॅडेसिव्हच लागतं, तेही दातेरी थापीने सगळीकडे पसरलेलं. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून टाइल दाबली, तर मागे पोकळ्या राहतात आणि त्यांत पाणी साठतं.

आता सांध्याकडे येऊ. टाइल 8 मिलिमीटर आणि अ‍ॅडेसिव्ह 4 धरलं, तर खालचा भाग वरच्यापेक्षा 12 मिलिमीटर पुढे येतो. ती कड नको असेल, तर वरचा गिलावा तेवढा जाड घ्यायला हवा, आणि हे गवंड्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवं. तो जादा थर एका दमात चढवू नये. दोन हातांत चढवावा, नाहीतर तो उतरतो.

तळमजल्यावर आणखी एक अडचण येते. जोत्यातून चढणारी ओल टाइलमुळे कोंडली जाते आणि डॅडोच्या लगेच वर वाट काढते. तिथेच लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. लोक पुन्हा पुन्हा रंग देतात. खरं तर उपाय जोत्याच्या ओलीवर करायला हवा, आणि तो टाइल लावण्याआधी.

राहता राहिला वेळ. गिलाव्यावर सात दिवस पाणी मारायचं, मग टाइलआधी तो किमान दोन आठवडे सुकू द्यायचा, म्हणजे आकसून पडायच्या त्या चिरा आधीच पडून जातात. त्या बुजवून कोपऱ्यांसकट वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा. घटस्थापनेला तोडफोड सुरू केली, तर टाइल जेमतेम दिवाळीपर्यंत बसतात. वरच्या पट्ट्याचा रंग तुळशीच्या लग्नानंतर काढावा.