गंगेच्या अलीकडे, पलीकडे

सिंहस्थ जवळ आला, की पूर्वी आमच्या घरी पिंजाऱ्याला बोलावणे जाई. गुरू सिंह राशीत शिरला, की विदर्भापासून कोकणापर्यंतचे नातलग आमच्या घरात शिरणार, हे ठरलेलेच! 1991 च्या मेळ्यात मी स्वतः जिन्यात झोपलो आहे. कुरकुर आम्हीही करीत असू. पण ती घरच्या कार्यातली कुरकुर होती.

2015 साली एकही गादी घालावी लागली नाही. नाशिकचे पहिले शाहीस्नान 29 ऑगस्टला होते. त्याच दिवशी राखीपौर्णिमा. माझी ताई पंचवटीत राहते, मी गंगापूर रोडला. मध्ये गंगा. (आम्हा नाशिककरांची गोदावरी म्हणजे गंगाच.) एरवी रिक्षाने जेमतेम 15 मिनिटांची वाट. त्या दिवशी अशोकस्तंभाच्या अलीकडेच बांबू आडवे आले. ताईच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्या खिशात होत्या. बंदोबस्तावरचा हवालदार बाहेरगावचा. त्याला मी दुसरा रस्ता सुचवू लागलो, तर तोच म्हणतो, "काका, तुम्ही नाशिकचेच ना? मग आज बाहेर कशाला पडलात?"

संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, राखी बाळकृष्णाला बांधली. तुझ्या वाटणीचा नारळीभात झाकून ठेवलाय." गोळ्यांचे तिने विचारले नाही, मलाच विचारावे लागले. शेजारणीकडून दोन उसन्या घेतल्या होत्या म्हणे.

गंमत अशी, की ज्यांच्यासाठी हे रस्ते मोकळे ठेवले, ते भाविकही त्या दिवशी अपेक्षेइतके आले नाहीत. बाहेरच्या वाहनतळावर उतरून मैलोगणती चालायचे, हे कानोकानी झाले. व्यापाऱ्यांनी ओरड केली. 13 सप्टेंबरच्या पर्वणीला बंदोबस्त सैल झाला, तेव्हा कुठे माणसे लोटली.

तरीही त्या हवालदारावर राग धरवत नाही. 27 ऑगस्ट 2003 आठवतो. रामकुंडाकडे जाणाऱ्या सरदार चौकातल्या अरुंद, उताराच्या गल्लीत चेंगराचेंगरी होऊन 39 माणसे गेली. त्या उतारावरून मी शेकडो वेळा सायकल हातात धरून गेलो असेन. तिथे मागच्या रेट्याला पुढचे काही दिसत नाही, हे जुन्या गावातले पोरही सांगेल. त्याला कोणी विचारायला हवे ना! 2015 चे बांबू या 39 जणांच्या धास्तीने उभे राहिले होते, हे कळते. पण तेव्हाही अडलेल्या बाईला दवाखान्यात कोणत्या बोळातून न्यायचे, हे गल्लीतल्यांना कोणी विचारले नाही.

ताई भाविक आहे. एकाही सिंहस्थातले स्नान तिने चुकवलेले नाही. 2025 च्या नोव्हेंबरात साधुग्रामासाठी तपोवनातली 1,800 च्या आसपास झाडे काढण्याचा प्रस्ताव आला आणि नाशिककर झाडांना मिठ्या मारायला गेले, तेव्हा हीच ताई दुखरा गुडघा घेऊन तिथे होती. "साधू झाडाखालीच बसतात ना रे?" एवढेच तिचे म्हणणे.

31 ऑक्टोबर 2026 ध्वजारोहणाचा दिवस. पहिले मोठे स्नान 2 ऑगस्ट 2027 ला, सोमवती अमावास्येचे. ताईने ती तारीख लिहून ठेवली आहे. परवा मला म्हणाली, "दोन दिवस आधीच इकडे राहायला ये. गोळ्या मी आणून ठेवीन. गादी मात्र तुझी तू आण."