तांबडा गाळ आणि निवळ द्रावण

पावसाळ्यात पाणी गढूळ आले की घागरीत तुरटी फिरविण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. तुरटीमुळे मातीचे सूक्ष्म कण एकत्र येतात, जड होतात व तळाशी बसतात. बेळगावच्या उत्तरेस यमनापूर येथे इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने १९६९ साली सुरू केलेला आणि आता हिंडाल्कोकडे असलेला ॲल्युमिनाचा कारखाना पुष्कळ अंशी अशाच निवळण्याच्या क्रियेवर चालतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील जांभ्याच्या पठारांवरचे बॉक्साइट या कारखान्यास मिळत आले आहे. कार्ल बायर यांनी १८८७ ते १८९२ या काळात सिद्ध केलेल्या पद्धतीप्रमाणे बॉक्साइट दळून कॉस्टिक सोड्याच्या उष्ण द्रावणात शिजवितात. ॲल्युमिना विरघळतो, लोहाची संयुगे विरघळत नाहीत. तोच तांबडा गाळ. मोठ्या गोल टाक्यांत तो खाली बसवावयाचा व वरचे निवळ द्रावण काढून घ्यावयाचे, एवढेच काम. परंतु अडचणी येथेच सुरू होतात.

पहिली अडचण खनिजाची. लोह गोथाइटच्या अतिसूक्ष्म कणांच्या रूपात असले, तर गाळ लवकर बसत नाही. द्रावण गढूळ राहते, गाळण्यांची कापडे तुंबतात आणि लोह ॲल्युमिन्यात उतरते. कण एकत्र आणण्यासाठी पूर्वी पिष्टाची खळ घालीत. आता कृत्रिम बहुवारिके वापरतात. मात्रा कमी पडली तर गढूळपणा जात नाही. अधिक झाली तर गाळ चिकट होऊन तळाशी फिरणारे दाताळे अडते.

दुसरी अडचण उष्णतेची. टाकी निवली की विरघळलेला ॲल्युमिना अवेळीच घनरूप होऊन भिंतींवर खपली धरतो आणि गाळाबरोबर वायाही जातो. म्हणून द्रावण उकळीच्या जवळपास तप्त ठेवावे लागते.

तिसरी गोष्ट खर्चाची. गाळाबरोबर महागडा सोडाही जातो. तो परत मिळविण्यासाठी गाळ एकामागून एक टाक्यांतून पुढे नेतात व धुण्याचे पाणी उलट दिशेने आणतात. गाळ पातळ राहिला, तर कितीही टाक्या असोत, सोडा हातचा जातोच.

हा प्रश्न केवळ कारखानदाराच्या नफ्यातोट्याचा नव्हे. हंगेरीत आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी गाळाच्या तलावाचा बांध फुटला. दाहक लोंढा गावांत शिरला आणि १० माणसे प्राणास मुकली. गाळ जितका घट्ट व धुतलेला, तितका तो साठविण्यास कमी धोक्याचा आणि सिमेंटच्या कामीही अधिक सोयीचा.

म्हणून टाकीवर पाळी करणारा कामगार गाळाच्या थराची उंची, दाताळ्यावरचा भार, द्रावणाचा निवळपणा आणि उष्णता यांवर सतत लक्ष ठेवतो. आपल्या स्वयंपाकघरातील लख्ख पातेल्यामागे हा जागता पहारा असतो.